राजय्या टॉकीज

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या कॉलवर एका नव्या मुलीनं मला विचारलं, की लिनक्सवर एखादा प्रोग्रॅम 'स्टार्ट' करणं आणि 'इनेबल' करणं यात फरक काय. मी ठरलेलं उत्तर दिलं. स्टार्ट म्हणजे आत्ता चालू कर. इनेबल म्हणजे यापुढे मशीन जेव्हा जेव्हा चालू होईल तेव्हा कुणी न सांगता तो प्रोग्रॅमही आपोआप चालू होऊ दे. ती "ओके, थँक्स" म्हणाली आणि कॉल संपला. माझं काम हेच आहे. दिवसभर कुठेतरी कुणाचे तरी सर्व्हर पडतात आणि मी सोलापुरात घरी बसून ते उठवते. हे उत्तर मी कितीतरी वेळा दिलं असेल. त्या दिवशी मात्र पुढचं तिकीट, म्हणजे पुढची तक्रार, उघडायला हात होईना. या एका शब्दावरून जो माणूस माझ्याशी सात महिने भांडला, तो आता आमच्या वरच्या मजल्यावर नाही.

राजय्याकाका बरोब्बर आमच्या डोक्यावर राहायचे. सोलापूरच्या पूर्व भागातली तीन मजली इमारत. खाली एकेकाळी माग होते, आता टॉवेलचं गोडाऊन आहे. मधे आम्ही आणि वर काका आणि नरसूकाकू. बाबांची मोडनिंबहून बदली झाली तेव्हा स्वस्तात मिळालं म्हणून हे घर घेतलं, आणि आम्ही या तेलुगू विणकरांच्या गल्लीतले झालो. झालो म्हणजे आईबाबा झाले. मी कॉन्व्हेंटच्या बसमधून जायची, बसमधून यायची. गल्लीशी माझं बोलणं 'हो', 'नाही' आणि 'आई घरात आहे' एवढंच.

पुण्याची नोकरी घरून करता येईल असं ठरल्यावर मी परत आले. एका दुपारी टीव्हीवर काहीतरी शोधत होते, तर यादीत इंग्रजी अक्षरांत एक नाव दिसलं. राजय्या टॉकीज.

"हे काय आहे?" मी बाबांना विचारलं.

"वरचे राजय्या. आपलंच वायफाय वापरतात, मीच पासवर्ड दिलाय. उघड की, सगळे तेलुगू पिक्चर आहेत."

उघडलं. शेकड्यांनी सिनेमे होते. प्रत्येकाला पोस्टर, साल, नटनट्यांची नावं. कुणीतरी एका जुन्या कॉम्प्युटरवर मीडिया सर्व्हर बसवून तो सगळ्या इमारतीला उघडा करून ठेवला होता. शेजारच्या दोन घरांतल्या विड्या वळणाऱ्या बायका भिंतीला मोबाईल टेकवून याच टॉकीजमधले पिक्चर बघतात, हे मला मागाहून कळलं.

दोन दिवसांनी काकांनी मला जिन्यात गाठलं. उंच, वाळका माणूस. पांढरा हाफ शर्ट आणि खिशात, पेन असायला हवं तिथे, टेस्टर.

"मॅडम, बाबा सांगायलेत तुमाला लिनक्स येतंय म्हणून."

"थोडं थोडं."

"थोडं म्हणजे किती? माझ्याइतकं, का माझ्यापेक्षा जास्ती?"

ते हसले. "या की वर. चा घ्या. का कान्व्हेंटवाले चा पीत न्हाईत?"

'मॅडम' हे नाव तिथून मला चिकटलं. 'तुमी'चं 'तू' झालं तरी 'मॅडम' राहिलं.

काका चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टर. माग बंद पडला की विणकर हाक मारणार आणि जॉबर येऊन तो चालू करून देणार. चादरीवरचा मोर किंवा कमळ विणायचं तर पूर्वी पुठ्ठ्याच्या लांबच लांब पट्ट्या लागत. त्यात भोकं पाडलेली असत. भोक असेल तिथे धागा वर उचलला जाई, नसेल तिथे खाली राही. पुढे पट्ट्या गेल्या आणि डिझाइनसाठी कॉम्प्युटर आला. जुन्या लोकांपैकी एकट्या काकांनी त्याच्याशी ओळख करून घेतली. कारखाना बंद झाला तेव्हा तो कॉम्प्युटर भंगारात निघाला होता. काकांनी तो सायकलच्या कॅरियरला बांधून घरी आणला. नवं विंडोज त्या मशीनला झेपेना, म्हणून हैदराबादच्या भाच्यानं फोनवरून सांगत सांगत त्यात लिनक्स घालून दिलं.

त्यांची वही मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आलं आणि मग ते थांबलं. वही नव्हतीच ती, डिझाइन खात्यातले चौकटीचे कागद होते. त्यावर काका लिनक्सचे हुकूम लिहून ठेवायचे. एका चौकटीत एक अक्षर. दोन शब्दांमधल्या जागेसाठी एक चौकट कोरी. इंग्रजी त्यांना फारसं वाचता येत नव्हतं, ते अक्षरं चित्रासारखी उतरवायचे. पण जागा सोडायला ते कधी चुकले नाहीत. आमच्या कंपनीत रोज कुणी ना कुणी चुकतं.

"जागा म्हणजे भोक न पाडलेला पुठ्ठा," ते म्हणाले. "ते बी डिझाइनच हाय की."

मशीन अडलं की ते आधी कॅबिनेटवर तळवा ठेवून उभे राहायचे. मी स्क्रीनवरच्या ओळी वाचून कारण शोधायची, ते पंख्याचा आवाज ऐकायचे. पुष्कळदा आम्ही एकाच वेळी एकाच कारणाशी पोचायचो. त्यांना त्याचा फार आनंद व्हायचा. "बघ मॅडम, तुझी फी वाया न्हाय गेली," असं म्हणून ते बशीत चहा ओतायचे.

ही सगळी टॉकीज खरं म्हणजे एका प्रेक्षकासाठी होती. नरसूकाकूंनी लग्नाआधीपासून विड्या वळल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि समोर तेलुगू पिक्चर. साखरेनं त्यांचे डोळे गेले. उजेड आहे की नाही आणि समोरून कुणी हललं की नाही, एवढंच आता दिसायचं. विड्या सुटल्या, पिक्चर सुटले नाहीत. काकांनी घरातल्या सगळ्या जुन्या सीडी एक एक करून मशीनमध्ये भरल्या. काकू मांडीवर सूप घेऊन शेंगा फोडत बसायच्या आणि संवाद ऐकायच्या. विनोद यायच्या जरा आधीच हसायच्या.

आमच्या भागात लाईट जाते. उन्हाळ्यात रोज जाते, एरवी आठवड्यातून दोन-तीनदा. इन्व्हर्टर होता त्यांच्याकडे, पण त्याची बॅटरी दोन उन्हाळ्यांत बसली. तर लाईट गेली की काका काय करायचे ते मी पाहून पाहून पाठ केलं होतं. उठायचे आणि भिंतीवरच्या बोर्डाचं बटण आधी बंद करायचे. मग बसायचे. लाईट आली, पंखा फिरला, की लगेच उठायचे नाहीत. पंख्याला पूर्ण वेग येऊ द्यायचे. मग बटण, मग कॅबिनेटचं बटण, मग काळा स्क्रीन, मग चौकटीचा कागद, मग एका बोटानं एक एक अक्षर. त्यानंतर पिक्चर. तोवर काकू सुपातल्या शेंगा न फोडता हात तसाच धरून बसलेल्या असायच्या.

"काका, हे सगळं एका ओळीत संपेल," मी पहिल्याच महिन्यात म्हटलं. "इनेबल करून टाकू. लाईट आली की आपलं आपण चालू होईल. तुम्हाला उठायलाही नको."

"न्हाय."

"का पण?"

"आपलं आपण चालू होणारं मशीन मला घरात नको."

मला वाटलं त्यांना कळलं नसेल. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी कपाटातून एक कागद काढून दाखवला. हैदराबादच्या भाच्यानं सांगितलेली तीच ओळ चौकटींत लिहिलेली होती, आणि तिच्यावर लाल पेन्सिलीची आडवी रेघ. कळलं होतं त्यांना. कधीचंच.

मग तो आमचा वाद सुरू झाला. मी जास्त बोलत नाही, पण कामातलं कुणी चुकीचं धरून बसलं की मला राहवत नाही. दर वेळी लाईट गेली की मी विषय काढायची आणि ते 'न्हाय' म्हणायचे. एकदा मी जरा चिडून म्हटलं, "काका, हा माग नाहीये. यात कुणाचा हात जाणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चहाची बशी खाली ठेवली.

"तुला कुणी सांगितलं हाताचं?"

कुणीच नव्हतं सांगितलं. मी सहज बोलले होते.

मग त्यांनी सांगितलं. कारखान्यात मागांच्या खात्यात लाईट गेली की आधी मोठी शांतता व्हायची. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खट, खट, खट. प्रत्येक जण आपापल्या मागाचं बटण बंद करायचा. बटण चालूच राहिलं तर लाईट येताच माग सुरू होणार, माणूस कुठं उभा आहे ते मागाला दिसत नाही. एका दुपारी सायबू नावाच्या विणकराचा धागा अडकला होता. लाईट गेलेलीच आहे, तेवढ्यात काढून घे, असं काका त्याला म्हणाले. त्यानं हात आत घातला. बटणाशी काका उभे होते. आणि लाईट आली.

"मला वाटलं त्यानं बंद केलंय. त्याला वाटलं मी केलंय."

आतल्या खोलीत पिक्चरमधलं कुणीतरी मोठमोठ्यानं रडत होतं आणि काकू त्याच्या बरोबरीनं संवाद पुटपुटत होत्या. मी खाली आले. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

दिवाळीनंतर काकांच्या पायांवर सूज यायला लागली. मग तपासण्या, मग डायलिसिस. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी दहाला रिक्षा यायची, परत यायला तीन वाजायचे. आल्यावर ते जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबायचे, आणि मी दार उघडून विचारलं तर म्हणायचे, "काय न्हाय मॅडम, धागा संपलाय, बॉबिन बदलायलोय." पण चेहरा राखेसारखा असायचा. शेजारच्या बायका काकूंकडे बघायच्या, मात्र त्यांना त्याच वेळात वळलेल्या विड्या द्यायला कारखान्यात जावं लागे. मी म्हटलं, मी वर येऊन बसत जाईन. काका म्हणाले, "तुझी ड्युटी हाय. पिक्चर लावून जातो की मी. पिक्चर चालू हाय तोवर ती हलत न्हाय."

हे खरंच होतं. लाईट गेली तरी काकू हलायच्या नाहीत. पंखा थांबला, शेजारचा मिक्सर थांबला, म्हणजे लाईट गेली, हे त्यांना कळायचं. धोका होता तो लाईट आल्यावर. पंखा फिरायला लागला आणि पिक्चर आलाच नाही, की काका घरात नाहीत हे त्या विसरून जायच्या. त्यांच्या हिशेबी पंखा फिरतोय आणि पिक्चर नाही याचा अर्थ एकच होता. माणूस कुठंतरी पडलाय.

तो गुरुवार होता. मी कॉलवर होते, कानावर हेडफोन. लाईट आलेली मला कळली. वरचं दार उघडल्याचंही मला ऐकू आलं. चपला घासत जिन्यापर्यंत आल्या तेही ऐकू आलं. काका असतील असं मी मनाशी म्हटलं. गुरुवार आहे हे मला माहीत होतं. कॉल वीस मिनिटांनी संपला.

काकू मधल्या वळणाच्या वरच्या पायरीवर बसल्या होत्या. एक चप्पल खाली आमच्या दाराशी येऊन पडली होती. कोपराला खरचटलं होतं. त्या भिंत चाचपत होत्या आणि हळू आवाजात परत परत तेच म्हणत होत्या, "करंट वच्चिंदी. आयन लेरू." लाईट आली. ते नाहीत.

मी शेजारी बसले. "काका हॉस्पिटलमध्ये गेलेत, काकू. तीनला येतील."

"मग पिक्चर कोण बंद केलं, अम्मा?"

मी त्यांचा हात धरला. तो पानांवरून आणि तंबाखूवरून इतकी वर्षं फिरलेला हात होता, माझ्या मनगटावरसुद्धा तो वळल्यासारखा फिरत राहिला.

काका आल्यावर मी त्यांना सांगितलं, की काकू जिन्यात बसल्या होत्या. चपला ऐकून मी उठले नाही, हे सांगितलं नाही. अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

ते खुर्चीत बसले. हाताला सुया काढलेल्या जागी पट्टी. मग म्हणाले, "कागद आण मॅडम. आपोआपचं लिही."

शुक्रवारी मी सुट्टी घेतली. आधी मशीनच्या आतल्या सेटिंगमध्ये सांगितलं, की वीज परत आली की तू उठायचं. मग मीडिया सर्व्हर इनेबल केला. मग काका मेन स्विच खाली करून आले आणि परत वर केला. मशीन उठलं, सर्व्हर उठला, आणि टॉकीज रिकामी. एकही पिक्चर नाही.

काकांनी कॅबिनेटवर तळवा ठेवला. "मोठी डिस्क आत्ता फिरायलीय. सर्व्हर तिच्या आधी उठला."

मी ओळी वाचल्या. अगदी तसंच होतं. पिक्चर वेगळ्या जुन्या डिस्कवर होते, ती जागी व्हायला वेळ लावायची, आणि सर्व्हर तोवर रिकामं कपाट बघून मोकळा व्हायचा.

"मागावर ताण्याचा बीम चढवायच्या आधी मोटर चालू केल्यावर काय विणणार?" काका म्हणाले. "आधी डिस्क. मग सर्व्हर. मग पिक्चर. असं लिहिता येतंय का तुझ्या त्यात?"

"येतं की." माझ्या तोंडातून 'की' निघालं ते मला नंतर लक्षात आलं.

डिस्क मिळाल्याशिवाय सर्व्हरनं उठायचं नाही, असं मी लिहिलं. सर्व्हर उठल्याशिवाय प्लेयरनं उठायचं नाही, आणि उठला की पिक्चर थांबला होता तिथून पुढे लावायचा. प्रत्येक ओळ काकांनी चौकटींत उतरवून घेतली. शेवटच्या इनेबलला मात्र त्यांनी माझा हात थांबवला.

"थांब. एक सांग. हे असं आपोआप लागलं, तर तिला कळंल कसं मी हाय का न्हाय?"

काकू दोन हातांच्या अंतरावर बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं असेल किंवा नसेल.

"आजवर पिक्चर लागला की तिला कळायचं मी हाय." ते स्क्रीनकडे बघत होते. "आता खोटं बोलणार म्हण हे मशीन."

"काका, नको असेल तर राहू द्या."

"ती जिन्यात बसली होती, मॅडम." आणि त्यांनी स्वतः, एका बोटानं, ती ओळ मारली.

मग त्यांनी मेन स्विच आठ वेळा खालीवर केला. आठही वेळा, पंखा फिरल्यावर दीड मिनिटानं, पिक्चर लागला. आठव्यांदा काकू वैतागून तेलुगूत काहीतरी बोलल्या. काका हसले. "म्हणायलीय, हिरोला एकदाचा मरू दे की."

शनिवारी सकाळी ते हॉस्पिटलला गेले. साडेअकराला लाईट गेली आणि पंधरा मिनिटांत आली. मी कॉलवर होते, पण एक कान मोकळा ठेवला होता. शेजारचा मिक्सर लागला. मी मोजायला लागले. दीड मिनिट. दोन मिनिटं. वर काहीच नाही. मग सूप जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

मी हेडफोन टाकून पळाले. काकू दारात होत्या. त्यांना आत आणून बसवलं आणि मशीनकडे बघितलं. एकही दिवा लागलेला नव्हता. मशीन उठलंच नव्हतं, त्यामुळे माझ्या ओळींपर्यंत काही पोचलंच नव्हतं. मी सुट्टीच्या दिवशी केलेलं सगळं मनातल्या मनात परत तपासलं. मग नजर भिंतीकडे गेली. बोर्डाचं बटण बंद होतं.

सकाळी घरातून शेवटी बाहेर पडले होते ते काका. लाईट जाण्याआधी पिक्चर तरी कसा चालू होता, असं मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, चालूच नव्हता, काका जाताना बंद झाला, लाईट गेली असेल म्हणून मी गप्प बसले. त्या दिवशी गारठा होता, म्हणून वरचा पंखाही लावलेला नव्हता. साडेअकराला लाईट जाऊन आली, शेजारचा मिक्सर सुरू झाला, तेव्हा काकूंना कळलं, की लाईट आहे आणि पिक्चर नाही.

तीन वाजता काका जिना चढून आले. दम घेण्याआधीच विचारलं, "चाललं?"

खोटं सांगावं असं फार वाटलं. "बटण बंद होतं, काका."

"कुणी केलं?"

मी बोर्डाकडे बघत राहिले. तेही बघत राहिले. मग त्यांनी आपला उजवा हात वर करून बघितला, उलटा, सुलटा, जसा दुसऱ्या कुणाचा असावा.

"खात्यातनं निघताना शेवटचं बटण मी मारायचो," ते म्हणाले. "सायबूच्यानंतर रोज. दार ओढायच्या आधी. मला आठवत बी न्हाय सकाळी मारलेलं. आपोआपचं मशीन मागं सोडून निघालो म्हणून हात गेला असंल."

"मी बटणावर चिकटपट्टी लावते."

"चिकटपट्टी काढून मारंल हा." हात अजून तसाच वर होता.

ते थोडा वेळ पडून राहिले. पाचच्या सुमाराला उठले, मेन स्विच खाली केला, खिशातला टेस्टर काढला आणि बोर्डाचे स्क्रू सोडवायला लागले. मी टॉर्च धरला. त्यांनी बटण मुळापासून काढलं, दोन्ही वायरी एकमेकींना जोडून पिळल्या, पट्टी गुंडाळली आणि बटणाच्या जागी कोरी प्लेट बसवली. मधे दोनदा भिंतीला कपाळ टेकून थांबले. माझ्याकडे द्या म्हणायचं माझ्या ओठांवर होतं, म्हटलं नाही.

"कारखान्यात कुणी असं केलं असतं ना, तर मीच त्याला गेटच्या भाईर काढला असता," शेवटचा स्क्रू आवळत ते म्हणाले. काढलेलं बटण त्यांनी फेकलं नाही की ठेवलंही नाही. माझ्या हातात दिलं आणि आत जाऊन झोपले.

त्यानंतर दोनेक महिने सगळं नीट चाललं. म्हणजे मशीन चाललं. काका उतरत गेले. हैदराबादचा भाचा आणि त्याची बायको येऊन राहायला लागले. मला वर बोलावणं कमी झालं आणि मी आपण होऊन जाणाऱ्यातली नाही. लाईट जाऊन आली की मी मोजायची. दीड मिनिटानं वरून आवाज आला की पुढचं तिकीट उघडायची.

शेवटचं त्यांना मी गॅलरीतून पाहिलं, मार्चमधल्या एका मंगळवारी. नळाला पाणी यायचा दिवस होता, गल्लीत सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारी चालू होत्या. भाचा काही कामासाठी बाहेर गेलेला, त्याची बायको पुढे जाऊन हॉस्पिटलमध्ये नंबर लावून बसलेली. काका एकटेच जिना उतरून रिक्षेपर्यंत पोचले. एक पाय आत ठेवला आणि लाईट गेली. सगळ्या मोटारी एकदम थांबल्या. वर पिक्चर थांबला.

काकांनी पाय परत खाली घेतला.

"बसा की मामा," रिक्षावाला म्हणाला. "टाइम व्हायलंय."

"थांब जरा."

"लाईट गेलीय नुसती. तुमाला काय करायचंय लाईटीचं?"

काकांनी हात वर करून त्याला गप्प केलं. रिक्षाच्या दांड्याला धरून ते उन्हात उभे राहिले. मला वाटलं वर जातील. वर जायचं तर दोन जिने होते आणि ते त्यांना झेपले नसते. मी जाऊ का, असं गॅलरीतून विचारायला मी तोंड उघडलं, आणि विचारलं नाही. ते माझ्याकडे बघतही नव्हते. ते वरच्या खिडकीकडेसुद्धा बघत नव्हते. खाली, आपल्या चपलांकडे बघत उभे होते.

दहा मिनिटं झाली असतील. रिक्षावाल्यानं तंबाखू मळली, खाल्ली, दोनदा घड्याळ बघितलं. मग मोटारी एकदम ओरडल्या. शेजारी मिक्सर लागला. एका घरात टीव्हीवरची बाई बोलायला लागली. वर शांतता.

मी मोजत होते. काकांचे ओठ हलत होते, तेही मोजत असावेत.

मग वरच्या खिडकीतून एका माणसाचं अर्धं वाक्य आलं, तेलुगूत, रागातलं, जिथं तुटलं होतं तिथून पुढचं. आणि त्याच्या मागोमाग, विनोद यायच्या जरा आधी, काकूंचं हसू.

काका तरीही थोडा वेळ उभेच होते.

"काय झालं मामा?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"काय न्हाय. लागला." ते वाकून आत बसले. "माझ्याबिगर लागला. चल."